‘क्लिप खरी आहे का, एवढंच सांग’

पत्र

ताई, मी राजारामपुरीत राहते. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांचा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. सुट्टीत मी तिथं एडिटिंग करते, आवाज साफ करायचं काम तर माझ्याकडंच असतं. मागं आमच्या गल्लीतून एक मोटरसायकल चोरीला गेली तेव्हा लोक सीसीटीव्हीचं फुटेज घेऊन मामांकडं आले, ‘जरा क्लिअर करून द्या’ म्हणून. नंबर प्लेट काही वाचता आली नाही, पण तेव्हापासून मला याच विषयाचं वेड लागलंय. फोटो, व्हिडिओ, आवाज खरा की बनावट हे ओळखायला विद्यापीठात रीतसर शिकवतात का? कुठं? एका खासगी संस्थेचा सहा शनिवार-रविवारांचा कोर्स आहे, ‘सर्टिफाइड डीपफेक एक्स्पर्ट’ असं प्रमाणपत्र देतात, फी चाळीस हजार. तो करू का? पप्पा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे, यात नोकरी कुठं आहे. लांब पाठवायची त्यांची तयारी नाही.

अजून एक. मामांच्या ओळखीच्या वकिलांनी मला व्हॉट्सॲपवर एक ऑडिओ क्लिप पाठवलीय. जमिनीच्या वादातली आहे. ‘मधे कट आहे का, क्लिप खरी आहे का, एवढंच सांग आणि कागदावर सही कर’ म्हणतात. मी ऐकली. एका ठिकाणी खटका जाणवतो. काय करू?

(नाव छापू नका.)

उत्तर

तू शेवटी लिहिलेलं मी आधी घेते. बाकीच्या प्रश्नांना अजून काही महिन्यांचा अवकाश आहे, वकीलसाहेब मात्र उद्याच फोन करतील.

सही करू नकोस. ‘माझ्या मते’ असं वर लिहूनसुद्धा नको.

खटका ऐकू आला, ठीक. रेकॉर्डिंग चालू असताना मधे फोन आला आणि रेकॉर्डर क्षणभर थांबला तरी असा खटका येतो. फोनमधलं गोंगाट दाबणारं सॉफ्टवेअर शांततेच्या जागा कापतं, तिथंही येतो. फोन टेबलावर सरकवला तरी येतो. आणि कुणी मुद्दाम एखादं वाक्य काढून टाकलं असेल, तर बहुतेक वेळा येतच नाही. लग्नाच्या व्हिडिओतून भटजींचं खाकरणं काढतेस तेव्हा तू तरी खटका मागं ठेवतेस का? मग ज्याला कोर्टात जमीन जिंकायचीय तो कशाला ठेवेल? म्हणून या क्षेत्रातला जाणता माणूस ‘अमुक सेकंदाला सलगपणा तुटलेला दिसतो’ एवढंच लिहितो, त्याची शक्य ती सगळी कारणं मांडतो, आणि तेही मूळ फाइल आणि मूळ फोन समोर असतील तर. तुझ्याकडं आलीय ती व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत. तिचं नाव, तिच्यावरची वेळ, कदाचित तिचा साठवणुकीचा प्रकारही बदललेला असणार. त्या प्रतीवरून कुणीही, अगदी मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या माणसानंही, ‘खरी’ किंवा ‘खोटी’ म्हणून सही केली तर ती सही कवडीमोलाची.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटांचा आवाज गायब होता. १९७४ मध्ये सहा तज्ज्ञांच्या समितीनं ती टेप तपासली. मूळ टेप त्यांच्या हातात होती, संशयित टेपरेकॉर्डरही होता. महिनोन्महिने काम करून त्यांनी सांगितलं ते असं, की किमान पाच वेळा वेगवेगळं पुसलं गेलंय आणि पुसल्याच्या खुणा याच यंत्राच्या आहेत. कुणी पुसलं, त्या जागी आधी काय बोललं गेलं होतं, यावर एक अक्षर नाही. असं थांबता येणं हे या विद्येतलं अर्धं शिक्षण आहे, आणि सहा शनिवार-रविवारांत नेमकं तेच शिकवता येत नाही. कोर्सच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आलं.

वकीलसाहेबांना नम्रपणे विचार, साहेब, रेकॉर्डिंग झालं तो फोन कुठं आहे? तो फॉरमॅट करू नका, विकू नका, दुरुस्तीला देऊ नका. तपासणी हवी असेल तर न्यायालयाला अर्ज करून सरकारी प्रयोगशाळेकडं पाठवायला सांगा. आवाज कुणाचा हाच वाद असेल, तर आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये रितेश सिन्हा खटल्यात ठरवलंय. आता ही गोष्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही आली आहे. ही तरतूद फौजदारी कामासाठी आहे. त्यांचा वाद दिवाणी असेल तर त्यांनी त्यांचा मार्ग शोधावा. ते त्यांचं काम, तुझं नव्हे.

आता त्या कागदाविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग नोंद सादर करणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधला एक बिट बदलला तरी सगळाच बदलून जाणारा आकडा, दोन्हीकडं लिहावा लागतो. तुझी सही बहुधा त्या दुसऱ्या भागाखाली हवी असेल. तिथं ‘तज्ज्ञ’ असं छापलेलं असतं. उद्या उलटतपासणीत समोरचे वकील पहिलाच प्रश्न विचारतील, ‘आपलं शिक्षण?’ आणि दुसरा, ‘मूळ उपकरण आपण पाहिलंत का?’ दोन प्रश्नांत तू संपलीस, आणि पुढं खरोखर तज्ज्ञ झालीस तरी हा कागद कुणीतरी बाहेर काढेल.

प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ सोपस्कार असं कुणी म्हणालं तर त्याला जालन्याचा खटला सांग. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, असा वाद होता. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. त्यासोबत प्रमाणपत्र नव्हतं, कारण मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात जुन्या पुरावा कायद्यातला प्रमाणपत्राचा प्रश्न मिटला. प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणच मालकानं स्वतः कोर्टात आणून दाखवलं तर लागत नाही. नवा कायदा आल्यावर त्यात तज्ज्ञाच्या भागाची भर पडली. कायद्याचं एवढं भान तुला पदवीआधीच आलेलं बरं. इंजिनीअर मंडळी हा भाग कंटाळा करून सोडतात आणि साक्षीच्या पिंजऱ्यात घाम पुसतात.

‘क्लिअर करून द्या’चंही सांगून टाकते, कारण ते मामांच्या दुकानात पुन्हा येणारच. कॅमेऱ्यानं जे टिपलंच नाही ते नंतर काढता येत नाही. उजेड-अंधार जुळवता येतो, हललेलं चित्र थोडं स्थिर करता येतं, एकापाठोपाठच्या अनेक फ्रेम एकावर एक बसवून गोंगाट कमी करता येतो. पण बारा-पंधरा पिक्सेलांच्या नंबर प्लेटमधून आकडे उगवत नाहीत. हल्ली फोटो मोठा करून देणारी एआय ॲप निघाली आहेत, ती मात्र आकडे उगवून दाखवतात, आणि धोका तिथंच आहे. त्यांनी पूर्वी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून ती अंदाज बांधतात आणि तो अंदाज लख्ख रेघांत काढतात. आपणही तेच करतो. कोल्हापूरच्या गल्लीतली गाडी म्हटलं की पहिली चार अक्षरं एमएच ०९ असणार हे डोळा आधीच ठरवून टाकतो, आणि मग पुढचे आकडेही संशयिताच्या गाडीसारखे दिसायला लागतात. असं ‘क्लिअर’ केलेलं चित्र पोलिसांच्या हाती देणं म्हणजे कुणाच्या तरी दारात विनाकारण गाडी उभी करणं. मामांना सांग, असं काम आलं तर फुटेजला हात न लावता डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून, मूळ स्वरूपात प्रत काढून द्यावी, आणि डीव्हीआरवरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढं-मागं आहे ते कागदावर लिहून ठेवावं. ही घड्याळं क्वचितच बरोबर असतात. तपास अधिकाऱ्याला या एका ओळीचा उपयोग कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त होतो.

आता शिकण्याविषयी. पदवीच्या नावात ‘फॉरेन्सिक’ असलंच पाहिजे, हा हट्ट सोड. तू ज्या विषयाच्या प्रेमात पडलीयस तो मुळात सिग्नल प्रोसेसिंग (आवाज-चित्रांच्या संकेतांवर गणित करण्याची विद्या) आणि संख्याशास्त्र आहे, त्याला कोर्टाचा दरवाजा जोडलेला आहे एवढंच. फॉरेन्सिक सायन्सच्या साध्या पदवीत रक्त, विष, बोटांचे ठसे, हस्ताक्षर, बंदुकीच्या गोळ्या हे सगळं थोडं थोडं असतं. आवाज-चित्राचा वाटा त्यात लहान असतो आणि गणित त्याहून लहान. तुझ्याकडं इलेक्ट्रॉनिक्स आधीच आहे. ते टाकून नव्यानं सुरुवात करायचं कारण नाही.

कारण का नाही, ते दोन उदाहरणांनी दाखवते. त्यातून तुला घरबसल्या करायचं कामही मिळेल.

पहिलं, विजेची गुणगुण. आपल्या भिंतीतली वीज ५० हर्ट्झची, पण ती अगदी ५० वर कधीच नसते. मागणी वाढली की किंचित खाली जाते, कमी झाली की वर येते. आपल्याकडं ग्रिडसाठी, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यासाठी, ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आहे आणि त्याच्या आतबाहेर ती सतत डोलत असते. हे डोलणं पुन्हा तसंच्या तसं होत नाही. पंखा, ट्यूबलाइट, फ्रिज यांच्या गुणगुणीतून ते रेकॉर्डिंगमध्ये उतरतं. रुमानियाच्या कॅटालिन ग्रिगोरास यांनी ही गोष्ट आवाजाच्या तपासणीत आणली. रेकॉर्डिंगमधली गुणगुण वेगळी काढायची, ग्रिडच्या नोंदीशी ताडून पाहायची, की रेकॉर्डिंग केव्हाचं ते कळतं, आणि मधला तुकडा काढला असेल तर रेघ तिथं उडी मारते. लंडनच्या पोलिसांनी अशा नोंदी वर्षानुवर्षं जपून ठेवल्यात. ग्रिगोरास पुढं अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेत गेले. तिथं माध्यम-फॉरेन्सिक्सचं स्वतंत्र केंद्र आहे आणि पदव्युत्तर पदवी चक्क ध्वनिमुद्रण कलेच्या विभागातून मिळते.

यात आपल्या भागाचा एक धागा आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या तालात आलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी. म्हणजे कोल्हापुरात घेतलेली नोंद नागपूरच्या किंवा चेन्नईच्या रेकॉर्डिंगलाही लावता येते. उलट, रेकॉर्डिंग कुठल्या गावातलं ते मात्र या पद्धतीनं सहजी कळत नाही. वेळ कळते, जागा नाही.

करायचं असं. नऊ व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घे, पुढं व्होल्टेज डिव्हायडर लाव आणि जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या खोबणीत सोड. (२३० व्होल्ट थेट लावायचा विचारही नको. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर जोडणी करून घे.) दर सेकंदाची फ्रिक्वेन्सी काढून फाइलमध्ये लिहीत राहा, महिनाभर. साउंड कार्डच्या घड्याळाची स्वतःची चूक असते, ती मोजून वजा करावी लागते. त्या वजाबाकीतच तुला पहिला धडा मिळेल. त्याच काळात घरात वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या फोनवर रेकॉर्डिंगं कर आणि कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण सापडते ते पाहा. अनेकांत सापडणारच नाही. फोनवरच्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगमध्ये खालचे स्वर कापलेले असतात, मग ५० हर्ट्झ जातो आणि त्याच्या वरच्या पटींत काही उरलंय का ते शोधावं लागतं. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू असेल तेव्हाचं रेकॉर्डिंग मुद्दाम घे. इन्व्हर्टर स्वतःची फ्रिक्वेन्सी स्वतः बनवतो, तेव्हा घरातल्या गुणगुणीचा ग्रिडशी संबंध राहत नाही. परदेशी शोधनिबंधांत याकडं फारसं कुणी पाहत नाही, त्यांच्याकडं लाइट जात नाही ना!

दुसरं उदाहरण चित्राचं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात यान लुकाश, जेसिका फ्रिड्रिच आणि मिरोस्लाव गोल्यान यांनी दाखवलं, की कॅमेऱ्याच्या सेन्सरमधला प्रत्येक पिक्सेल प्रकाशाला किंचित वेगळा प्रतिसाद देतो आणि हा फरक त्या एका सेन्सरपुरताच असतो. गुऱ्हाळातल्या एकाच साच्यातून निघालेल्या दोन ढेपांचा आकार एक, पण वरचे खड्डे-चरे वेगळे, तसं. एकसारख्या रंगाच्या पुष्कळ फोटोंची सरासरी काढली की हा नमुना वर येतो, आणि मग हा फोटो याच कॅमेऱ्यातून निघाला का, हे आकड्यांत सांगता येतं. मामांकडं एकाच मॉडेलच्या दोन कॅमेरा बॉड्या असतील तर तुझी चैन आहे. अनेक प्रयोगशाळांना ती जोडी विकत घ्यावी लागते. एकसारख्या रंगासाठी जुलैतलं कोल्हापूरचं आभाळ वापर, याहून सपाट राखाडी पडदा कुठं मिळणार नाही. मग तेच नव्या मोबाइलवर करून पाहा. तिथं गाडं अडतं. आजचा फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम जोडतो, चेहरा गुळगुळीत करतो, व्हिडिओ स्थिर करताना चित्र सरकवतो, आणि नमुना जागेवर राहत नाही. यावर जगभर काम चालू आहे. फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला तर किती नमुना उरतो आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर किती, हे तू दोन आठवड्यांत मोजू शकतेस.

डीपफेकचं काय, विचारशील. फेसबुकनं २०१९-२० मध्ये डीपफेक ओळखण्याची मोठी स्पर्धा घेतली होती. हजारोंनी भाग घेतला. माहीत असलेल्या नमुन्यांवर पहिल्या क्रमांकाच्या प्रणालीनं सुमारे ८२ टक्के गुण मिळवले. कधीच न पाहिलेले व्हिडिओ पुढं ठेवले तेव्हा जिंकलेली प्रणाली ६५ टक्क्यांवर आली. नाणं उडवलं तरी ५० येतात. त्यानंतर पद्धती सुधारल्या, बनवणारेही सुधारले. तेव्हा चाळीस हजारांत एखादं सॉफ्टवेअर चालवायला शिकवून ‘एक्स्पर्ट’ म्हणणाऱ्यांकडं कुठल्या नजरेनं बघायचं ते तूच ठरव.

आवाजाच्या बाबतीत तर हा विषय एकदा जोरात आपटलेला आहे. १९६२ मध्ये बेल लॅब्जच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी ‘व्हॉइसप्रिंट’ मांडलं. बोटाच्या ठशासारखा आवाजाचा ठसा, जवळपास अचूक. कोर्टांनी काही काळ ते डोक्यावर घेतलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं सांगितलं, की तपासातल्या खऱ्याखुऱ्या परिस्थितीत ही पद्धत किती चुकते याचा पुरेसा शास्त्रीय आधार नाही. म्हणून आता जाणकार ‘हा आवाज त्याचाच’ असं म्हणत नाहीत. आवाज त्याचाच असेल तर असं साम्य दिसण्याची शक्यता किती, आणि दुसऱ्या कुणाचा असेल तर किती, यांचं गुणोत्तर देतात. पण ‘दुसरा कुणी’ म्हणजे कोण? कागल-गडहिंग्लजकडच्या माणसाची तुलना पुण्याच्या आवाजांशी केली तर उत्तर चुकीच्या दिशेनं पक्कं होतं. तुलनेसाठी आपल्या बोलीतले शेकडो आवाज हवेत, फोनवरचे, बाजारातल्या गोंगाटातले, संमती घेऊन जमवलेले. बनावट आवाज ओळखण्याची जी एएसव्हीस्पूफ नावाची स्पर्धा २०१५ पासून चालते, तिचा साठा मुख्यतः इंग्रजीचा आहे. मराठीत बनवलेला खोटा आवाज, त्यातही कोल्हापुरी हेलाचा, या प्रणालींना पकडता येतो का, हे मोजणं हा चांगला पीएच.डी.चा विषय आहे आणि तो बोस्टनमध्ये बसून होणार नाही. व्हॉट्सॲप स्टेटसवरून गाव कसं पेटतं हे आपण पाहिलंय. उद्या तसा आवाज फिरला तर तपासायला इथला कान लागेल.

आता वाटा. एक, इथंच शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स किंवा फिजिक्स करायचं आणि प्रबंधाचा विषय यातला घ्यायचा. मला तुझ्यासाठी ही वाट सगळ्यांत जास्त पटते. फी बेताची, घर जवळ, आणि पाया पक्का. दोन, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ. हे २००९ मध्ये गुजरातचं राज्य विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि २०२० मध्ये संसदेच्या कायद्यानं राष्ट्रीय झालं. मुख्य ठिकाण गांधीनगर, पण धारवाड आणि गोव्यातही शाखा आहेत. डिजिटल फॉरेन्सिक्सचं एम.एस्सी. तिथं आहे, मात्र कुठल्या शाखेत काय शिकवतात ते दरवर्षीच्या प्रवेशपत्रिकेत पाहूनच ठरव. पप्पांना सांग, धारवाड कोल्हापूरहून पुण्यापेक्षा जवळ आहे, एकाच हायवेवर. पुण्याला पाठवायला त्यांनी ‘लांब’ म्हटलं नसतं. तीन, शासनाची न्यायसहायक विज्ञान संस्था, मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथं. मुंबईत डिजिटल आणि सायबर फॉरेन्सिकची पदव्युत्तर पदविकाही आहे. ती एम.एस्सी.नंतर केलीस तर कायद्याची बाजू भरून निघेल. शिकवायचं किंवा संशोधन करायचं ठरलं तर यूजीसी-नेटमध्ये फॉरेन्सिक सायन्स हा स्वतंत्र विषय आहे. आपला मूळ विषय घेऊनही नेट देता येते.

आणि नोकरी. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे, प्रादेशिक प्रयोगशाळा कोल्हापुरातही आहे. भरतीच्या जाहिरातीत ध्वनी आणि ध्वनिफीत विश्लेषणाची पदं रसायनशास्त्राच्या पदांपासून वेगळी दाखवतात. मागची जाहिरात काढ आणि पात्रतेची ओळ आधी वाच, मग कुठल्या पदवीला पैसे भरायचे ते ठरव. लोक नेमकं उलटं करतात. केंद्राची एक प्रयोगशाळा पुण्यात आहे. जागा भरपूर असतात असं मी म्हणणार नाही, भरती लांबते, हेही पप्पांना ठाऊक असेल. पण काम वाढतंय यात शंका नाही. नव्या संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं आणि त्याचं चित्रीकरण होणं बंधनकारक केलंय, अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचंही चित्रीकरण करायचं आहे. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सहा जिल्ह्यांसाठी. इतकं चित्रीकरण कोर्टात येणार म्हणजे त्यावर शंका घेणारेही येणार. बँकेची परीक्षा दिलीस तर बिघडत नाही, गणित तेवढंच पक्कं होईल. पण तिच्यासाठी एम.एस्सी.चं वर्ष सोडू नकोस.

कामाचं स्वरूप मात्र आधीच समजून घे. बरेचसे दिवस कानाला हेडफोन लावून तेच चाळीस सेकंद ऐकण्यात जातात. बऱ्याच अहवालांचा शेवट ‘निश्चित मत देता येत नाही’ असा होतो आणि ज्याच्या बाजूचा तो नसतो तो चिडतो. ज्यांना गुन्हेगार पकडण्याची ओढ असते ते इथं लवकर वैतागतात. गंमत म्हणजे विद्यापीठातलं फॉरेन्सिकचं सगळ्यांत जुनं शिक्षण १९०९ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये सुरू केलं ते रुडोल्फ राइस यांनी, आणि ते होते रसायनशास्त्रज्ञ आणि छायाचित्रणाचे शिक्षक. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला त्या गावातल्या, शूटिंगवाल्याच्या भाचीला या घराण्यात परकं वाटायला नको.

जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी शिवाजी विद्यापीठात त्या विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना भेट. सिग्नल प्रोसेसिंग कोण शिकवतं ते सीनियर मुलं सांगतील. जाताना महिन्याभराच्या नोंदीचा आलेख आणि तुझ्या रेकॉर्डिंगांतली रेघ एकाच कागदावर छापून ने, जुळली नाहीत तीही. लाइट गेला होता त्या रात्रीचा तुकडा लाल पेनानं वेढून ठेव आणि तिथूनच बोलायला सुरुवात कर.